करडाचा बाप चुकतो, व्यायची तारीख हुकते: शेळ्यांच्या ॲपमधल्या नोंदी कुठून तपासायच्या

खालच्यातलं एखादं जरी तुमच्या ॲपमध्ये दिसत असेल तर पुढे वाचा.

- ॲप म्हणत होतं शेळी ३१ जानेवारीला व्याणार, ती व्याली १९ फेब्रुवारीला.
- कधीचाच विकलेला बोकड यंदाच्या करडांचा बाप म्हणून लागलाय.
- एकाच शेळीची दोन खाती झालीत. एकात वेतं, दुसऱ्यात लसी.
- बारा आकडी टॅगच्या शेवटी नुसते शून्य दिसतात.
- कळपातल्या सगळ्या शेळ्या रविवारीच माजावर येतात.
- नात्यातल्या जोडीचा इशारा कधीच येत नाही, नाहीतर प्रत्येक जोडीला येतो.

धाराशिव जिल्ह्यात माझ्या साठेक उस्मानाबादी शेळ्या आहेत. स्वतःच्या नोंदी तीनदा नासवल्या तेव्हा हे शिकलो, आणि आता आधी पाहुण्यांच्या, मग पाहुण्यांच्या पाहुण्यांच्या गोठ्यावर हेच दुरुस्त करत फिरतो. परांड्याकडच्या एका दाजींचा फोन आला होता: "पाहुणं, ह्या ॲपानं माझा बकरीदला गेलेला बोकड पुन्हा जिता केला की ओ!" बोकड जिता झाला नव्हता. तो यादीतून काढायचाच राहिला होता. ॲप कुठलंही असो, चुका ठरलेल्याच असतात, म्हणून इथे कुठल्याही ॲपचं नाव घेत नाही.

हात लावायच्या आधी

सगळ्या नोंदी बाहेर काढून ठेवा. 'एक्सपोर्ट' बहुतेक ॲपमध्ये असतंच. ती फाइल स्वतःलाच मेल करा आणि तिला पुन्हा हात लावू नका. गोठ्यात वही असेल तर पानांचे फोटो काढा. आणि काहीही झालं तरी ॲप काढून पुन्हा टाकू नका. रेंज नसलेल्या रानात केलेल्या नोंदी फोनमध्येच पडून असतात, ॲपबरोबर त्याही जातात. माझा पहिला नास असाच झाला. भाचा म्हणाला, "मामा, रिइन्स्टॉल केलं की सगळं नीट होतं." अडीच महिन्यांच्या नोंदी गेल्या. भाचा अजून येतो, फोन मात्र त्याच्या हातात देत नाही.

१. कागद, पेन आणि दीडशे

ही तपासणी फुकट आहे आणि निम्मा उलगडा इथेच होतो. शेळीचा गाभणकाळ सरासरी १५० दिवसांचा. १४५ ते १५५ च्या आत बहुतेक सगळ्या मोकळ्या होतात. तेव्हा ॲपनं दिलेली पुढची तारीख विसरा आणि व्यायलेल्या तारखेपासून मागे मोजा. भरवल्याची, म्हणजे बोकड लावल्याची, तारीख चुकू शकते, व्यायलेली सहसा चुकत नाही, कारण त्या रात्री तुम्ही जागे होतात. दीडशे दिवस मागे गेल्यावर जी तारीख येते ती ॲपमधल्या भरवल्याच्या तारखेशी ताडून बघा. किती दिवसांचा फरक आहे, त्यावरून रोग कळतो.

पाचेक दिवसांचा फरक म्हणजे फरकच नाही. शेळी अठरा ते बावीस दिवस उशिरा व्याली असेल तर ती उलटली होती, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली होती, आणि दुसऱ्या माजावर गाभण राहिली. चाळीसच्या आसपास उशीर असेल तर दोनदा उलटली. फरक २९-३०, ५९, ८९ अशा टप्प्यांत पडत असेल तर तारीख आणि महिना यांची अदलाबदल झालीय, म्हणजे एक्सेलचं काम, ते शेवटी बघू. भरवल्याची तारीख जुळतेय, पण ॲपनं दिलेली व्यायची तारीख सगळ्याच शेळ्यांना जवळजवळ १९५ दिवस पुढची असेल तर हसू नका, दुसरी तपासणी वाचा. आणि फरकाला काही ठावठिकाणाच नसेल, एकीचा बारा, दुसरीचा सत्तर, तर टॅगमध्ये घोळ आहे.

इथे एक थांबा. शेळी ॲपच्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी व्याली आणि करडं धड, केस पूर्ण, उठून दूध पिणारी असतील, तर ती आधीच्या कुठल्यातरी माजावर गाभण होती. हिशेबाचीच चूक. पण करडं मेलेली, अपुऱ्या केसांची, गिळगिळीत असतील तर शेळी गाभडलीय, म्हणजे गर्भ पडलाय, आणि हा प्रश्न ॲपचा नाही. नोंदीचं काम तिथेच सोडा आणि डॉक्टरांना बोलवा. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा फोन त्यासाठीच आहे. जार (व्याल्यावर पडणारी वार) आणि मेलेलं करडू उघड्या हातानं उचलू नका, घरातल्या गरोदर बाईला तिकडे फिरकू देऊ नका, आणि कुत्र्याच्या तोंडी काही लागू देऊ नका. गाभडण्यामागे ब्रुसेल्ला असू शकतो आणि तो माणसाला होतो. लागोपाठ दोन शेळ्या गाभडल्या तर रक्ततपासणी करून घ्यायचीच.

२. तुमची शेळी अल्पाका तर नाही ना?

बार्शीकडच्या एका वहिनींनी बावीस शेळ्या ॲपमध्ये चढवल्या. पंधरा दिवसांनी फोन: "भावजी, हे ॲप रोज विचारतंय, मादी नरावर थुंकली का म्हणून. हे थुंकायचं काय आहे?"

बरीच चांगली ॲप बाहेरच्या देशांतल्या कळपांसाठी बनलेली असतात. त्यात प्राण्याचा प्रकार निवडायची यादी इंग्रजी अक्षरक्रमानं असते आणि तिच्या डोक्यावर अल्पाका. घाईत पुढे-पुढे करत गेलं की तोच निवडला जातो. अल्पाका म्हणजे पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज डोंगरांत लोकरीसाठी पाळतात तो उंटाच्या कुळातला प्राणी. लामा हा त्याचा थोराड भाऊ, ओझी वाहणारा. या दोघांना शेळीसारखा ठराविक दिवसांनी माज येत नाही. मीलन झाल्यावरच मादीचं बीज सुटतं. म्हणून तिथले लोक आठवड्या-दोन आठवड्यांनी नर पुन्हा दाखवतात. मादी गाभण असेल तर बसत नाही, थुंकते, लाथा झाडते. ॲप बिचारं त्याच्या परीनं बरोबरच विचारत होतं.

अल्पाकाचा गाभणकाळ साडेअकरा महिन्यांचा. त्यामुळे वहिनींच्या शेळ्यांना पुढच्या वर्षीच्या तारखा पडल्या होत्या. शिवाय अल्पाकाला माजाचं चक्रच नसल्यानं एकविसाव्या दिवसाची आठवण ॲप देणार कुठून? तीच तर आपल्या सगळ्यात कामाची.

सेटिंगमध्ये जाऊन प्रकार 'शेळी' आहे का बघा, आणि गाभणकाळाच्या रकान्यात १५० आहे का तेही बघा. एक पेच आहे. प्रकार बदलला तरी बऱ्याच ॲपमध्ये जुन्या नोंदींच्या तारखा आपोआप बदलत नाहीत. चालू असलेली भरवल्याची प्रत्येक नोंद उघडून पुन्हा सेव्ह करावी लागते. बावीस शेळ्यांना अर्धा तास लागला, तोही चहासकट.

३. रविवारची तारीख

भरवल्याच्या नोंदी तारखेनं लावून कॅलेंडरशी ताडा. सगळे रविवार निघाले तर समजा, आठवड्याचं काम रविवारी बसून चढवलंय आणि ॲपनं आपणहून टाकलेली 'आज' ही तारीख कोणी बदलली नाही. बुधवारी भरवलेली शेळी रविवारची झाली की व्यायची तारीख चार दिवस पुढे सरकते. तेवढ्यात काय होतंय असं वाटतं, पण उलटलीय का हे बघायची खिडकीसुद्धा तेवढीच सरकते, आणि माज टिकतो जेमतेम दीड दिवस. फोनची स्वतःची तारीखही बघून घ्या. जुने फोन पूर्ण उतरले की भलत्याच वर्षात जागे होतात.

माझा उपाय साधा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत जागच्या जागी शेळीचा नंबर आणि बोकडाचं पहिलं अक्षर लिहायचं. ॲपमध्ये रविवारीच चढवतो, पण कॅलेंडर समोर ठेवून.

४. बिल्ला, नंबर आणि मराठी आकडे

शोधाच्या चौकटीत शेळीचा नंबर दोनदा टाका, एकदा मराठी आकड्यांत, एकदा इंग्रजी. दोन्हींना वेगवेगळी शेळी निघाली तर दोन खात्यांचं कोडं सुटलं. फोनचा कीबोर्ड मराठीवर असला की आकडेही देवनागरी पडतात. आपल्या डोळ्याला १०४ म्हणजे १०४च. ॲपला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. तुम्ही मराठीत भरता, पोरगा इंग्रजीत, आणि एक शेळी दोन ठिकाणी राहायला लागते. नंबरच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही हेच करते आणि ती तर दिसतसुद्धा नाही. दोन खाती एक करायची सोय ('मर्ज') असेल तर ती वापरा. नसेल तर जास्त नोंदी असलेलं खातं ठेवा, दुसऱ्यातलं हातानं उतरवा आणि मगच पुसा.

विकलेल्या शेळीचा नंबर दुसरीला कधीही देऊ नका. आमच्या तात्यांना सवय होती: १२ नंबर गेली की नव्या पाटीला १२. (पाट म्हणजे मादी करडू, आमच्या भागातला शब्द.) ॲपमध्ये त्या पाटीला सहा वेतं निघाली, वय सात महिने.

कानात दोन बिल्ले असतील तर कुठला नंबर ॲपचा हे एकदाच ठरवा. पशुसंवर्धन विभागाचा पिवळा बारा आकडी बिल्ला 'भारत पशुधन' या सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो. तो सरकारी ओळखीसाठी. गोठ्यात लांबून वाचता येणारा आपला छोटा नंबर वेगळा ठेवा, पण दोन्ही एकाच खात्यात लिहा. पिवळा बिल्ला पडला, तुटला किंवा त्यावर भलत्याच मालकाचं नाव निघालं तर स्वतः काही करायला जाऊ नका. दुसऱ्या शेळीचा बिल्ला हिला लावणं तर मुळीच नाही, विमा असेल तर तो दावाही बुडतो. ते काम तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं.

५. 'उलटली' ही नोंद कोणीच करत नाही

मी बघितलेल्या चुकलेल्या बापांपैकी निम्म्याहून जास्त इथे सापडले. माझीच १०४ नंबरची शेळी घ्या.

३ सप्टेंबर २०२३ ला ती काळ्या बोकडाकडून भरवली. नोंद केली. ॲपनं १५० दिवस मोजून ३१ जानेवारी दिली. २४ सप्टेंबरला शेळी पुन्हा शेपटी हलवायला लागली, ओरडायला लागली. एकविसावा दिवस, म्हणजे उलटली. दरम्यान काळ्याचा पाय दुखावला होता म्हणून राजाला सोडला. राजा संगमनेरी, पांढऱ्यावर तांबूस. त्या दिवशी गोठ्यावर मी नव्हतो, गडी होता. त्यानं शेळी भरवली, संध्याकाळी मला सांगितलंही, आणि मी "बरं" म्हणून विसरलो.

शेळी १९ फेब्रुवारीला व्याली. मी ॲपमध्ये 'व्याली, दोन करडं' टाकलं. ॲपकडे त्या शेळीची एकच उघडी नोंद होती, काळ्याची. त्यानं बाप म्हणून काळ्या लावला आणि गाभणकाळ १६९ दिवस असा लाल अक्षरांत दाखवला. मी ते लाल अक्षर बघितलं आणि बोटानं सारून टाकलं. करडांपैकी एक तांबूस ठिपक्यांचं होतं. आमच्या मंडळींनी विचारलंही, "हे काळ्याचं?" मी म्हटलं, आजीवर गेलं असेल.

खरी किंमत वर्षानं दिसली. त्या वेताची पाट भरवायला आली आणि मी ॲपला विचारलं, राजा चालेल का? ॲप म्हणालं चालेल. त्याच्या लेखी ती काळ्याची लेक होती, राजाशी नातं शून्य. प्रत्यक्षात बाप-लेकीची जोडी. त्यातून होणाऱ्या करडांचा अंतःप्रजननाचा (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा) आकडा २५ टक्के येतो. सावत्र भावंडांच्या जोडीत तो साडेबारा. अशी करडं मरतुकडी निघतात, वजन धरत नाहीत, पुढे माजाला कटकट करतात. इशाऱ्याची सगळी यंत्रणा ठणठणीत होती, तिला फक्त मी खोटा बाप सांगितला होता. त्या ठिपक्यांमुळे संशय आला म्हणून कॅलेंडर काढलं. २४ तारखेच्या चौकटीत गड्यानं '१०४ रा' लिहून ठेवलं होतं. तिथून १९ फेब्रुवारी १४८ दिवस. मिटलं.

तर शेळी उलटली की ॲपमध्ये आधीची नोंद उघडायची, 'गाभण नाही' करून बंद करायची, आणि मगच नवी टाकायची. नुसती नवी टाकलीत तर काही ॲप दोन्ही नोंदी उघड्या ठेवतात आणि बाप जोडताना पहिली उचलतात. भरवल्यापासून १८ ते २२ दिवसांची आठवण लावा. त्या चार-पाच दिवसांत सकाळ-संध्याकाळ शेळीच्या मागच्या बाजूला बघायचं. ज्यांना शक्य आहे त्यांनी दीड-दोन महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, म्हणजे पाच महिने खाऊ घातल्यावर भाकड निघायचा प्रसंग येत नाही.

बोकड कळपातच सोडलेला असेल तर एक तारीख टाकूच नका. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असा कालावधी टाकायची सोय शोधा. जुन्या लोकांची युक्ती ॲपपेक्षा भारी आहे: गेरू तेलात कालवून बोकडाच्या छातीला लावायचा. ज्या शेळीच्या पाठीवर गेरू, ती आज भरली. सोळा-सतरा दिवसांनी आधीपेक्षा गडद रंग घ्यायचा. आधीचा गेरू लागलेल्या जिच्या पाठीवर त्या रंगाचा शिक्का उठला ती उलटलेली.

६. बोकडांची यादी, आणि यादीत नसलेले बोकड

नर यादी उघडा. विकलेले, मेलेले, खाटकाकडे गेलेले सगळे 'गेला' करून तारीख टाका. पुसू नका. पुसलात तर त्याच्या सगळ्या लेकरांच्या वंशावळीत भोक पडतं. 'राजा' नावाचे दोन असतील तर नावापुढे नंबर लावा. भरवताना यादीतला पहिलाच राजा दाबला जातो, हे दाजींचंच नाही, सगळ्यांचंच आहे.

यादीत नसलेला बोकड म्हणजे तुमच्याच गोठ्यातलं वाढतं नर करडू. चार-पाच महिन्यांचं करडू शेळी गाभण ठेवू शकतं, हे सांगितलं की लोक हसतात. तीन महिने झाले की नर वेगळे करा आणि त्या दिवसाची नोंद ॲपमध्ये करा. पुढे दीडशे दिवस मागे मोजल्यावर त्या काळात कोण-कोण कळपात मोकळं होतं हे त्यावरूनच कळतं. शेजाऱ्याचा बोकड हा वेगळाच विषय आहे. त्यावर ॲप नाही, काटेरी कुंपण चालतं.

एका माजात दोन बोकडांनी भरवलेल्या शेळीची जुळी दोन वेगळ्या बापांचीही असू शकतात. म्हणून 'एक करडू काळ्यासारखं आहे म्हणजे दोन्ही त्याचीच' हा हिशेब धरू नका.

७. दोन फोन, एक कळप

गोठ्यात गडी नोंद करतो, घरी तुम्ही. रेंज नसताना दोघांनीही एकाच शेळीत बदल केला तर बऱ्याच ॲपमध्ये शेवटी जोडला गेलेला फोन जिंकतो आणि दुसऱ्याची नोंद गुपचूप पुसली जाते. खूण अशी, की तुम्ही नक्की टाकलेली नोंद दोन दिवसांनी दिसत नाही. दोन्ही फोन घरच्या वायफायवर आणा, आधी ज्यात नव्या नोंदी जास्त आहेत तो सिंक होऊ द्या, मग दुसरा. त्यानंतर कामं वाटून घ्या. भरवल्याच्या नोंदी एकाच फोनवरून, लसी आणि वजनं दुसऱ्यावरून.

८. एक्सेलनं खाल्लेले आकडे

इथवर सगळं घरच्या घरी होतं. यापुढे वेळ लागतो, आणि चुकलं तर आहे तेही जातं. पहिली काढलेली नक्कल शाबूत आहे ना, आत्ताच बघा.

एकदा माझ्या चाळीस शेळ्यांची एक शेळी झाली होती आणि तिला वर्षात एकसष्ट करडं होती. झालं असं: ॲपमधून सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फाइल काढली, एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली, दोन नावं सुधारली, सेव्ह केली, परत ॲपमध्ये चढवली. अकरापेक्षा जास्त आकडे असलेली संख्या एक्सेल आपणहून आखडून दाखवतं. १०२३४५६७८९०१ हा टॅग १.०२३४६, मग इंग्रजी ई, मग अधिक ११ असा दिसतो. नुसता दिसला असता तर चाललं असतं. पण सीएसव्हीमध्ये सेव्ह करताना जे दिसतं तेच लिहिलं जातं. पुन्हा उघडल्यावर तो टॅग होतो १०२३४६००००००. बिल्ले एकाच गठ्ठ्यातून आलेले असतात, त्यामुळे त्यांचे पहिले आकडे सारखेच, आणि बाकीचे शून्य झाल्यावर सगळ्यांचा टॅग एकच. ॲपनं त्यांना एक शेळी समजलं, यात त्याचा दोष नाही.

रकाना रुंद केला, 'टेक्स्ट' केला, तरी गेलेले आकडे त्या फाइलमधून परत येत नाहीत. मूळ नक्कल हाच आधार. तीही नसेल तर ओलं फडकं आणि बॅटरी घेऊन कान पुसत बसायचं. मी बसलोय.

फाइल उघडायची बरोबर रीत: एक्सेल रिकामं उघडा, 'डेटा' मेनूतून फाइल आत घ्या, आणि टॅगच्या रकान्याला 'टेक्स्ट' असं आधीच सांगा. दर वेळी. सीएसव्हीमध्ये रकान्याचा प्रकार साठवला जात नाही, म्हणून काल नीट केलेली फाइल आज टिचकी मारून उघडली की पुन्हा तेच. आपला छोटा नंबरही इथे फसवतो. ००७ चा ७ होतो आणि '४-१२' (चौथा कप्पा, बारावी शेळी) याची ४ डिसेंबर होते. नंबरच्या पुढे एक अक्षर लावलं की हे दोन्ही टळतं.

तारखांचं दुखणं आणखी चोरटं आहे. संगणकाची सेटिंग अमेरिकेची असेल तर तो महिना आधी वाचतो. ५/८ म्हणजे आपली ५ ऑगस्ट, त्याची ८ मे. फरक ८९ दिवस. पण १३ ते ३१ तारखेच्या नोंदींना तेरावा महिना सापडत नाही, म्हणून त्या तशाच राहतात, नुसता मजकूर म्हणून. ओळखायची खूण पक्की आहे. रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. उजवीकडच्या सगळ्या १ ते १२ तारखेच्या असतील तर त्याच उलटल्यात. ५/५ सारख्या तेवढ्या वाचतात. नियंत्रण पॅनेलमधली प्रादेशिक सेटिंग 'इंग्लिश, इंडिया' करा आणि फाइल आत घेताना तारखेच्या रकान्याला 'दिवस, महिना, वर्ष' सांगा. तीस-चाळीस नोंदी असतील तर हातानं सुधारा.

दीड-दोनशेच्या वर नोंदी बिघडल्या असतील, किंवा दुरुस्त केलेली फाइल चढवल्यावर खाती कमी व्हायच्या ऐवजी वाढत असतील, तर तिथेच थांबा. आणखी एकदा चढवून बघू म्हणणाऱ्याचं दुखणं दर वेळी दुप्पट होतं. ॲपवाल्यांच्या मदत कक्षाला लिहा. त्यांच्याकडे सर्व्हरवर जुनी प्रत असू शकते, पण ती किती दिवस ठेवतात याला मर्यादा असते, म्हणून त्याच दिवशी लिहा. बिघाड कधी दिसला, त्याआधी कुठली फाइल चढवली, आणि एका बिघडलेल्या शेळीचा नंबर, एवढं पहिल्याच पत्रात द्या.

९. कागदावर सुटत नाही तेव्हा

सगळं तपासूनही बाप ठरत नसेल तर डीएनए चाचणी उरते. ती प्रत्येक करडाला करायची गोष्ट नाही. पैदाशीसाठी ठेवायचा किंवा वंशावळीच्या नावावर विकायचा बोकड असेल तरच. नमुना म्हणजे रक्त किंवा मुळासकट उपटलेले केस, आणि तो करडाचा, आईचा आणि संशयित दोन्ही बोकडांचा लागतो. नमुना कसा घ्यायचा आणि कुठे पाठवायचा, हे जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, स्वतः कात्री घेऊन बसू नका. केस कापले तर मूळ येत नाही आणि मुळाशिवाय त्यांचा उपयोग नाही.

आणि नोंदीच्या नादात शेळीकडे दुर्लक्ष नको. शेवटच्या शक्य तारखेपासून मोजून १५५ दिवस उलटले तरी व्याली नाही, शेवटच्या महिन्यात खाणं सोडून कोपऱ्यात बसली, किंवा कळा सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि करडू दिसत नाही, तर ॲप बंद आणि डॉक्टरांना फोन. त्यांना भरवल्याच्या सगळ्या तारखा सांगा, नक्की नसलेल्याही, नक्की नाहीत असं म्हणून.

संशयित दोघांपैकी एक बोकड खाटकाकडे जाऊन वर्ष झालं असेल तर त्याचे केस आता कुठून आणणार? तिथे बापाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहायचं. अंदाजानं नाव टाकलंत की ॲप ते खरं धरतं. शेऱ्यात दोन्ही नावं लिहायची आणि ती पाट दोघांपासूनही, आणि दोघांच्या मुलांपासूनही, लांब ठेवायची. माझ्याकडे अशा तीन आहेत. त्यांच्यासाठी फलटणकडून नवा बोकड आणलाय. तोही राजाच, पण नावापुढे तीन लावून.